ऑक्सिजनच्या टाक्या मोजल्यात, आता भीतीचंही बघा

पुढच्या साथीची तयारी करणाऱ्या इंदूरच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाचे रुग्ण पुन्हा थोडे वाढले, तेव्हा पेपरात तयारीच्या बातम्या यायला लागल्या. इतके बेड, इतके व्हेंटिलेटर, ऑक्सिजन प्लांट चालवून बघितला, औषधांचा साठा पुरेसा, नागरिकांनी घाबरू नये. डिसेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये देशभर मॉक ड्रिल झाल्या तेव्हाही साधारण हीच यादी होती. बेड म्हटलं की पलंग दाखवता येतो, व्हेंटिलेटर म्हटलं की यंत्र दाखवता येतं. ‘घाबरू नये’ म्हटलं की काय दाखवणार? कोण माणूस, कोणता फोन, कसलं प्रशिक्षण, किती पैसे? मी विचारून पाहिलं. कुणाला सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते, कारण ज्यांना घाबरू नका असं सांगितलं जातं त्यांनीही वाचावं.

मी रामबागेजवळ मेडिकल चालवते. दुकान सासऱ्यांनी घातलं, फार्मसीचं शिक्षण माझं. लॉकडाऊनमध्ये ज्या थोड्या दुकानांना उघडं राहायची मुभा होती त्यातलं एक आमचं. साथीत हे शहर कसं घाबरलं ते मी काउंटरच्या आतून बघितलं. तुमच्याकडे आकडे आले, माझ्याकडे चेहरे आले. तेही अर्धेच, मास्कच्या वरचे.

मार्च २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी आरोग्य कर्मचारी आणि रुग्णाच्या घरातले लोक यांना प्रतिबंधासाठी सुचवली. एवढंच होतं ते. पण बातमी टीव्हीवर आली आणि काउंटरवर रांग लागली : “दीदी, वो मलेरियावाली गोली है क्या?” २६ मार्चला गोळी शेड्यूल एच-वनमध्ये गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देणं बंद आणि नोंद ठेवणं सक्तीचं. तोवर बाजारातला माल संपला होता. आमच्या एक काकू ही गोळी संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतात. त्यांच्यासाठी मी अख्खा दवाबाजार, म्हणजे इथला औषधांचा घाऊक बाजार, पालथा घातला, गोळ्यांचा एक पत्ता मिळेना. आणि ज्यांनी पत्तेच्या पत्ते उचलून नेले होते, त्यातले एक गृहस्थ मला काय म्हणाले? “घेणार नाहीये हो मी. फक्त घरात असू दे.”

हे गृहस्थ मूर्ख नव्हेत. चांगले निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांना गोळी नको होती, काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं. हात बांधून बसणं माणसाला सोसत नाही, मग तो हाताला लागेल ते धरतो. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी याच दवाबाजारात लोक उन्हात उभे राहिले. या औषधाने जीव वाचतो असा पुरावा नाही म्हणून ते सरसकट वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. पण व्हेंटिलेटरवरच्या बापाच्या मुलाला डॉक्टरने चिठ्ठी दिली आहे, आणि चिठ्ठी हेच त्याच्या हातातलं एकमेव काम आहे. तो उभा राहणारच. याच भीतीवर मग मोरबीपासून इंदूरपर्यंत नकली इंजेक्शनांचा धंदा उभा राहिला. धंदेवाल्यांना भीतीचं मानसशास्त्र बरोबर कळलं होतं. ते प्रशासनालाही कळायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

ते फार अवघडही नाही. पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्येच मांडून ठेवलं आहे की माणूस धोक्याचा हिशेब मृत्यूच्या आकड्यांवरून करत नाही. जो धोका दिसत नाही, नवा आहे, आपल्या हातात नाही, एकदम पुष्कळांना गाठतो आणि जाणकारांनाही नीट उमगलेला नाही, तो जास्त भिववतो. कोरोना यातल्या प्रत्येक कसोटीला उतरला. उलट २०१९ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत दीड लाखाच्या वर माणसं गेली, तरी आपण रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात हेल्मेटशिवाय जातो, कारण गाडीचं हँडल आपल्या हातात असतं. डॅनिएल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : जे चटकन आठवतं ते माणसाला वारंवार घडणारं वाटतं. रोज रात्री प्रत्येक ग्रुपवर येणारं बुलेटिन, कॉलनीवार याद्या, स्मशानांचे फोटो. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना बरं होऊन मुकाट्यानं भांडी घासायला लागलेला माणूस कुणाला आठवणार? त्याचा फोटो कुणी काढलाच नाही.

आता तक्रारी. पहिली सगळ्यांत मोठी, म्हणून जरा सविस्तर.

लोक घाबरले की शिस्त पाळतात, असा एक समज सरकारी कामकाजात घट्ट बसलेला आहे. मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की आधी कोरोनाच्या सूचनेतला रेकॉर्ड केलेला खोकला ऐकू यायचा. मध्यरात्री अँब्युलन्ससाठी फोन करणाऱ्यालाही खोकलाच. ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्यांनी १९६५ चा येल विद्यापीठातला प्रयोग वाचायला हवा होता. हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पुस्तिका दिल्या. काहींना अंगावर काटा आणणाऱ्या, काहींना सौम्य. जास्त घाबरलेल्यांनी ‘लस घ्यायला हवी’ असं मान हलवून सांगितलं. पण प्रत्यक्ष जाऊन लस घेतली कोणी? ज्यांना दवाखाना कुठे आहे याचा नकाशा दिला होता आणि आठवड्यात कधी जाशील ते ठरवायला लावलं होतं, त्यांच्यातल्या २८ टक्क्यांनी. नुसत्या पुस्तिकेवाल्यांत हे प्रमाण ३ टक्के होतं. दवाखाना कुठे आहे हे बहुतेकांना आधीपासून माहीत होतं, बरं का. तरीही.

घाबरवलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, तर माणूस आजाराशी लढायचं सोडून स्वतःच्या भीतीशी लढत बसतो. मग कुणी ‘असं काही नसतंच’ म्हणतो, कुणी काढ्यावर काढे पितो, कुणी बातम्या लावून रात्रभर जागतो. हे तिन्ही प्रकार माझ्याकडे एकाच घरातून आले आहेत : सासरे, सून आणि नातू.

याउलट चांगलं काय होतं तेही मी जवळून पाहिलं. दुसऱ्या लाटेत आमच्या दुकानाचा नंबर रात्रभर चालू असायचा. एकदा सुदामानगरहून एका मुलीचा फोन आला, आवाज नुसता थरथरत होता. “काकू, आईचं ऑक्सिजन नव्वद दाखवतंय. आता अठ्ठ्याऐंशी. बेड कुठे मिळेल?” विचारलं, आई बोलतेय का? बोलतेय. धाप? नाही. नखांना काही लावलंय? मरून नेलपेंट, भाचीच्या साखरपुड्याचं. हात? बर्फासारखे. कूलरसमोर बसवलं होतं आईला, दार-खिडक्या उघड्या टाकून, हवा मिळावी म्हणून. म्हटलं, कूलर बंद कर, रिमूव्हरनं एक नख पूस, हात चोळून गरम कर, पाच मिनिटं स्वस्थ बसव, बोट हलू देऊ नकोस, मग लाव. मी फोनवर थांबते. पलीकडे रिमूव्हर शोधायची धावपळ ऐकू येत होती. पाच मिनिटांनी आकडा आला सत्त्याण्णव. मग ती मुलगी रडली. आकडा वाईट होता तेव्हा रडली नव्हती.

हे काही मोठं वैद्यक नाही. गार बोट, नेलपेंट, हालचाल यांनी ऑक्सिमीटर चुकतो, हे त्याच्या डब्यावरच्या चिठ्ठीतही बारीक अक्षरात असतं. पण शहरात घरोघरी ऑक्सिमीटर पोचले आणि तो वापरायचा कसा, किती वेळा, आकडा कुठपर्यंत आला की हलायचं, हे मोठ्या अक्षरात कुणी सांगितलं नाही. माणसाच्या हातात यंत्र आलं आणि सोबत दर दहा मिनिटांनी धसका आला.

आणि हेच शहर, हेच प्रशासन नीट करतं तेव्हा कसं करतं तेही सांगते, म्हणजे मी नुसती रडगाणं गात नाही हे लक्षात येईल. २१ जून २०२१ ला इंदुरात एका दिवसात दोन लाखांहून जास्त लोकांनी लस घेतली. त्या दिवशी कुणी खोकला ऐकवला नाही. केंद्र घराजवळ होतं, वेळ माहीत होती, ओळखीचे लोक बोलवायला येत होते. ज्या आजीबाई लशीचं नाव काढलं की अंगावर यायच्या, त्या शेजारणीबरोबर जाऊन टोचून आल्या आणि परतताना पॅरासिटामॉल घेऊन गेल्या.

दुसरी तक्रार लाजेची. घरावर पोस्टर, दारात पत्र्याचे अडसर, नावांच्या याद्या. एप्रिल २०२० मध्ये काही राज्यांत ताप-सर्दीच्या गोळ्या घेणाऱ्यांची नावं आणि फोन मेडिकलवाल्यांनी लिहून घ्यावेत असे आदेश निघाले. बातमी इकडे पोचताच माझ्याकडची गिऱ्हाइकं बदलली. पॅरासिटामॉल कुणालाच स्वतःसाठी नको होती. कामवालीसाठी, गावच्या काकांसाठी, ‘घरात असावी म्हणून’. एकजण दुकानापासून दूर उभा राहून चेंडूवाल्या पोराला पैसे देऊन गोळ्या आणवत होता, आणि खोकला त्यालाच होता. ही माणसं विषाणूला भीत नव्हती. पथक येईल, गल्ली बघेल, उद्या दूधवाला थांबणार नाही, मुलीचं जमलेलं लग्न लांबेल, याला भीत होती. आजार लपला, उशीर झाला, घरातल्या बाकीच्यांना लागण झाली. सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घरावर पोस्टर लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं. तोवर नऊ महिने गेले होते.

तिसरी. १ एप्रिल २०२० ला आपल्या इंदूरच्या टाटपट्टी बाखल या वस्तीत आरोग्य पथकावर दगडफेक झाली. ती निंद्यच होती, आणि त्यातल्या दोन डॉक्टर भगिनी दुसऱ्या दिवशी त्याच भागात कामाला परत गेल्या, त्यांच्यापुढे हात जोडते. पण त्यानंतर आमच्या ग्रुपांवर ‘ते लोकच तसे’ हे जे सुरू झालं, त्याबद्दल आपल्या मराठी मंडळींना दोन शब्द ऐकवायचे आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीला शिपाई घरात घुसले, तेव्हा आपल्या पणजोबांनी काय केलं? रोगी माळ्यावर लपवले, मृत्यू दडवले, घरं सोडून पळाले. माणूस उचलून नेतात आणि तो परत येत नाही, ही तेव्हाची आवई आणि तंदुरुस्त माणसाला धरून नेतात ही २०२० ची आवई, दोन्हींत फरक किती? त्याच १८९७ चा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. ज्याचा आधीच विश्वास नाही त्याच्या दारात अनोळखी माणूस झगा-मास्क घालून, बरोबर पोलीस घेऊन उभा राहिला, तर भीतीला जात-धर्म लागत नाही. दगड मारणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, जरूर. पण पथकाच्या आधी त्या मोहल्ल्यातला डॉक्टर, शाळेतल्या बाई, मशिदीतले बुजुर्ग, आशा कार्यकर्ती यांच्यापैकी कुणी जाऊन सांगितलं होतं का की कोण येणार, काय विचारणार आणि माणसाला कुठे नेणार?

चौथी, आणि ही लिहिताना हात अजून जड होतो. दवाखान्याच्या आतलं मौन. माझे मोठे दीर दुसऱ्या लाटेत एका रुग्णालयात दाखल होते. सकाळी जाऊबाई फोनजवळ बसायच्या त्या रात्रीपर्यंत. कुणी उचललं तर “स्टेबल है” एवढंच. एक दिवस तेही नाही. मुलगा बंगळुरात, विमान मिळेना. या घरात त्या दिवसांत जे चाललं होतं त्याला नुसती काळजी म्हणता येणार नाही. बातमी नसेल तर मन ती स्वतः तयार करतं, आणि मन चांगली बातमी तयार करत नाही. दीर वाचले, देवाची कृपा. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथे अशी किती घरं आहेत बघा, जिथे दोन म्हातारी माणसं आणि मुलं पुण्याला किंवा अमेरिकेत. त्यांना मरणापेक्षा एकट्यानं मरायची भीती जास्त होती. माझ्या काउंटरवर येऊन त्यांनी ते स्पष्ट सांगितलं आहे.

बाकी रात्री नऊला निघून सकाळी सहाला लागू होणारे आदेश, एक दिवस रस्त्याच्या डावीकडची आणि दुसऱ्या दिवशी उजवीकडची उघडायची ‘लेफ्ट-राइट’ दुकानं, उठाबशांच्या शिक्षा, यावर फार लिहीत नाही. नियम कडक असला तरी माणूस निभावतो. उद्या काय असेल तेच माहीत नसलं की पोखरला जातो.

एक जुनी गोष्ट मात्र लिहायलाच हवी, कारण ती आपल्याच गावची आहे. १९१७ च्या सुमारास इंदूर प्लेगनं हैराण होतं. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. १९१८ चा त्यांचा शहराबद्दलचा अहवाल प्रसिद्ध आहे. गेडेस साहेबांनी दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या गल्ल्यांनी घरं सगळ्यांत स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील तिथूनच जाईल. लोक झाडू घेऊन बाहेर पडले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, फुलं लेवून चालले. घरोघरी लावायला तुळशीची रोपं वाटली. शेवटी राक्षस जाळला. या माणसाला कळलं होतं की घाबरलेल्या गावाला भीती डोळ्यांनी बघता आली पाहिजे, हाताला काम मिळालं पाहिजे, आणि ज्यांच्यापासून गाव चार हात लांब राहतं त्यांना मान मिळाला पाहिजे. खोकल्याची रिंगटोन आणि ही मिरवणूक. शंभर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, ते तुम्हीच ठरवा.

आता मागण्या, साध्या शब्दांत.

साथीच्या तयारीच्या समितीत मानसशास्त्र जाणणारी माणसं हवीत, मतदानाच्या हक्कासह, फोटोपुरती नकोत. बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, शहरात मेडिकल कॉलेज आहे. माणसं बाहेरून आणावी लागणार नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे, त्याला साथीच्या योजनेत स्वतःचं पान आणि स्वतःचा निधी द्या.

दररोज ठरलेल्या वेळी एकाच माणसानं बोलावं. काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, ते कधी कळेल, आणि आज तुम्ही काय करायचं. ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका, लोक ते ऐकून घेतात. आज एक आणि उद्या दुसरं ऐकलं की मात्र विश्वास जातो. बरे झालेल्यांचा आकडा मृतांच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापा.

धोक्याची प्रत्येक सूचना पत्ता, वेळ आणि फोन नंबरासह द्या. नुसती द्यायची असेल तर देऊ नका.

रोज सकाळी कचऱ्याची गाडी या शहरातल्या प्रत्येक दारात गाणं वाजवत येते. एवढी विश्वासाची यंत्रणा दुसऱ्या कुठल्या शहराकडे असेल असं वाटत नाही. तिच्यावरून हिंदीबरोबर मालवी, उर्दू, सिंधी, मराठीतही बोला, ओळखीच्या आवाजात.

रुग्णाचं नाव, घर, गल्ली जाहीर होणार नाही हे आत्ताच लेखी द्या, साथ यायच्या आधी.

दाखल रुग्णाच्या घरी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, माणसाचा फोन गेलाच पाहिजे; शक्य असेल तिथे रुग्णाशी बोलणं करून द्या. सरकारी असो वा खासगी, परवानगीच्या अटीत हे लिहा. फोन न करणाऱ्याला विचारणारं कुणी नेमा.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. माझ्या गिऱ्हाइकांना विचारून बघते. बहुतेकांनी तो ऐकलेलाही नाही. प्रत्येक दवाखान्याच्या चिठ्ठीवर आणि मेडिकलच्या बिलावर तो छापायला लावा. आमच्या बिलावर मी छापायला सुरुवात केली आहे, खर्च शून्य.

आणि आशा, अंगणवाडी सेविका, मेडिकलवाले यांना घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. तो माणूस पहिल्यांदा आमच्याकडेच येतो, डॉक्टरकडे नंतर.

पुढच्या मॉक ड्रिलमध्ये ऑक्सिजनबरोबर हेही तपासा : एक खोटी अफवा सोडा आणि खरी माहिती शेवटच्या गल्लीत किती तासांत पोचते ते घड्याळ लावून बघा. अशी ड्रिल ठेवणार असाल तर कळवा. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, मी येऊ शकते.

आपली,
रामबाग परिसरातली एक मेडिकलवाली
इंदूर